मिळकत, पात्रता आणि नकाराचा हक्क

अमेरिकेतील गॅलप या जनमत अजमावणाऱ्या संस्थेने २०१० साली १८ ते २९ या वयोगटातील लोकांना भांडवलशाहीविषयी विचारले, तेव्हा ६८ टक्के जणांनी अनुकूल मत दिले होते. २०१८ साली हे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत खाली आले आणि समाजवादाविषयी अनुकूल मत देणाऱ्या तरुणांचे प्रमाण ५१ टक्के भरले. ज्या देशाने सोव्हिएत संघाशी चाळीस वर्षांहून अधिक काळ खाजगी मालमत्ता आणि मुक्त विनिमय यांच्या नावाने झुंज दिली, त्याच देशात ती झुंज जिंकून एक पिढी उलटते न उलटते तोच विजयी व्यवस्थेवरचा विश्वास एवढा ओसरावा, याचा उलगडा केवळ निवडणुकीच्या राजकारणातून होत नाही, कारण या अविश्वासाच्या मुळाशी न्यायाविषयीचा एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. त्याच संस्थेच्या पाहण्यांत लहान उद्योगव्यवसायांविषयी अनुकूल मत असणाऱ्या अमेरिकी नागरिकांचे प्रमाण सातत्याने ९० टक्क्यांच्या वर राहिले आहे, यावरून दुकान, कारागिरी, खरेदीविक्री किंवा नफा यांबद्दल तरुणांच्या मनात सरसकट तिटकारा नाही, हे उघड होते. भांडवलशाही म्हणजे उत्पादनाची साधने खाजगी मालकीची असणे, वस्तूंच्या किमती घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या व्यवहारातून ठरणे आणि नफ्याबरोबर तोट्याची जबाबदारीही मालकाने उचलणे, अशी तिची तीन अंगे मानली, तर तरुणांचा विश्वास तडकला तो प्रामुख्याने तिसऱ्या अंगाच्या ठिकाणी, आणि तो तडकण्यास सबळ कारण घडले होते.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक दिवाळखोरीत निघाली. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला तारण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज जाहीर केले. आणि ३ ऑक्टोबर रोजी तेथील संसदेने अडचणीतील वित्तसंस्थांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद मंजूर केली. पुढील वर्षीच्या मार्चमध्ये, ज्या विभागाच्या व्यवहारांनी एआयजी बुडायला आली होती त्याच विभागातील कर्मचाऱ्यांना सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस मिळत असल्याचे उघडकीस आले. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या बँकेचा प्रमुख तुरुंगात गेला नाही. मात्र ऑक्टोबर २००९ पर्यंत अमेरिकेतील बेकारी १० टक्क्यांवर गेली आणि २०१० च्या उन्हाळ्यात २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांमधील बेकारी १९ टक्क्यांच्या घरात पोहोचली. बँका वाचवल्या नसत्या तर याहून मोठा अनर्थ ओढवला असता, आणि बँकांना दिलेली बरीचशी रक्कम सरकारला परतही मिळाली, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने वजनदार आहे. नैतिक दृष्टीने मात्र तो तक्रारीच्या मर्माला स्पर्श करत नाही. नफा व्हावा तेव्हा तो कर्तृत्वाचे फळ म्हणून खाजगी राहावा आणि तोटा व्हावा तेव्हा तो राष्ट्रावरील संकट म्हणून सर्वांनी वाटून घ्यावा, हा व्यवहार ज्यांनी ऐन उमेदीच्या वयात पाहिला, त्यांना बाजार जबाबदारी शिकवतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे कठीण जावे, यात नवल नाही.

हीच विषमता त्या तरुणांच्या स्वतःच्या कर्जाच्या बाबतीत अधिक ठळकपणे दिसते. दिवाळखोरीचा कायदा म्हणजे फेडणे अशक्य झालेल्या ऋणकोला काही अटींवर कर्जातून मोकळे करून नव्याने सुरुवात करू देणारी तरतूद. परंतु अमेरिकेत १९७६ पासून शैक्षणिक कर्जाला ही सवलत टप्प्याटप्प्याने नाकारण्यात आली आणि २००५ च्या कायद्याने खाजगी संस्थांकडून घेतलेली शैक्षणिक कर्जेही जवळपास पूर्णपणे तिच्या बाहेर गेली. आज त्या देशातील शैक्षणिक कर्जाची एकूण रक्कम १.७ लाख कोटी डॉलरहून अधिक आहे, आणि अनेक वर्षे हप्ते भरूनही मूळ कर्जापेक्षा अधिक रक्कम देणे राहिलेले ऋणको तेथे मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. हिंदू धर्मशास्त्रातील आणि पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानलेला दामदुपटीचा नियम असा होता, की सावकाराला एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येऊ नये. म्हणजे कर्ज हा करार असला तरी त्याला काळाची आणि माणुसकीची एक मर्यादा आहे, हे तत्त्व परंपरेने मान्य केले होते. ही मर्यादा तत्त्वतः मान्य असूनही इंग्रजी अमलातील दिवाणी न्यायालयांच्या व्यवहारात ढिली पडली आणि जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या, तेव्हा १८७५ साली सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी प्रामुख्याने कर्जरोखे हस्तगत करून जाळले. त्यांचा रोष माणसांच्या जिवावर फारसा उठला नाही, तो कागदांवर उठला, ही गोष्ट दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्याही नजरेतून सुटली नाही, आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा दख्खनचा कायदा झाला. तुकाराम महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही परंपरेने जपलेली आठवण याच संदर्भात अर्थपूर्ण ठरते, कारण त्यांनी व्यापाराला पाप ठरवले नाही, परंतु दुष्काळाने नागवलेल्या ऋणकोंचा तोटा धनको या नात्याने स्वतःच्या अंगावर घेतला. धनकोनेही तोटा सोसायचा असतो हे ज्या व्यवस्थेतून नाहीसे होते, तिला भांडवलशाही म्हणावे की नाही, हा प्रश्न भांडवलशाहीच्या समर्थकांनीच सर्वांआधी विचारायला हवा होता.

त्याऐवजी समर्थक बहुधा दोन उत्तरे देतात. पहिले उत्तर परिणामांचे आहे. जागतिक बँकेच्या मापनानुसार १९९० साली जगातील सुमारे ३६ टक्के लोक आत्यंतिक दारिद्र्यात होते आणि २०१५ पर्यंत हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. चीनने १९७८ नंतर आणि भारताने १९९१ नंतर खाजगी उद्योगाला वाट मोकळी केली, याचा त्यात मोठा वाटा आहे. मानवी इतिहासात इतक्या थोड्या काळात इतक्या माणसांची भूक दुसऱ्या कोणत्याही उपायाने शमलेली नाही, आणि ज्याला गरिबांची कळकळ आहे त्याने ही वस्तुस्थिती लहान मानणे अनुचित आहे. भारतातील आजच्या तरुणाला परवाना-राज्य म्हणजे काय ते आठवत नाही: १९५१ च्या औद्योगिक कायद्याखाली कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे सरकार ठरवत असे, मंजूर मर्यादेहून अधिक उत्पादन करणे हा नियमभंग ठरत असे, आणि पुण्याजवळ तयार होणाऱ्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत असत. २४ जुलै १९९१ रोजी बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचे बंधन उठले, त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही ती टंचाई केवळ वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ठाऊक असणार. तरीही परिणामांचे उत्तर अपुरे पडते, कारण ‘तुझे आजोबा अधिक गरीब होते’ हे सत्य ‘माझ्याशी होणारा व्यवहार न्याय्य आहे का’ या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. पोट भरल्यानंतरच न्यायाचा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो, आणि तो विचारला जाणे हे व्यवस्थेच्या यशाचेच एक लक्षण आहे.

दुसरे उत्तर पात्रतेचे आहे: जो कष्ट करतो, बुद्धी चालवतो आणि धोका पत्करतो तो श्रीमंत होतो, म्हणून श्रीमंती ही गुणांची पावती आहे, असे ते मांडले जाते. हे उत्तर लोकप्रिय आहे, समर्थकांना सुखावणारे आहे, आणि चुकीचे आहे. विशेष म्हणजे त्याचे खंडन बाजाराच्या सर्वांत समर्थ पुरस्कर्त्यांपैकी एकाने, फ्रीडरिख हायेक यांनी, १९६० साली प्रसिद्ध झालेल्या स्वातंत्र्याच्या घटनेविषयीच्या ग्रंथात केले आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा, की बाजारातील मोबदला हा माणसाच्या नैतिक गुणवत्तेशी जुळत नाही आणि जुळवण्याचा प्रयत्नही करू नये; इतरांना एखादी वस्तू किंवा सेवा किती हवीशी वाटते एवढेच किंमत दर्शवते, आणि ते हवेपण योगायोगावर, आवडीनिवडीवर, पावसापाण्यावर अवलंबून असते. टोमॅटोचा भाव चढला म्हणून शेतकरी अधिक सद्गुणी झालेला नसतो आणि तो कोसळला म्हणून त्याच्या कष्टात खोट निघालेली नसते. यावर १९७० साली अमेरिकी निबंधकार अर्व्हिंग क्रिस्टल यांनी गंभीर आक्षेप घेतला, की संपत्तीच्या वाटणीमागे काही न्याय आहे असे लोकांना वाटलेच नाही, तर ती वाटणी ते फार काळ मान्य करणार नाहीत. निव्वळ योगायोगावर उभा असलेला समाज माणसाच्या मनाला पेलत नाही. आजच्या तरुणांचा अविश्वास हा क्रिस्टल यांच्या या भाकिताचाच पडताळा आहे, असे म्हणता येते.

पात्रतेच्या या उत्तरात भारतीय वाचकाला एक जुना सिद्धांत ओळखू यावा. आजची संपत्ती आणि आजचे दैन्य ही पूर्वकर्माची फळे आहेत, म्हणून ज्याला जे मिळाले ते त्याच्या लायकीचेच आहे, असे कर्मविपाकाच्या सिद्धांताचे लोकरूढ रूप सांगत आले. गुणवत्तेच्या सिद्धांताने केवळ पूर्वजन्माच्या जागी परीक्षेतले गुण, चिकाटी आणि धडाडी यांना बसवले, निष्कर्ष मात्र तोच ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा वारसा नाकारला, त्यामागील नैतिक आशय हाच होता, की दुःखाला दुःखी माणसाचीच करणी ठरवणारा विचार समाजाला जबाबदारीतून मुक्त करतो. ज्याचा जन्म पुस्तके असलेल्या घरात झाला आणि ज्याचा जन्म पाणी दोन कोसांवरून आणणाऱ्या घरात झाला, त्या दोघांच्या मिळकतीतील अंतराला केवळ गुणवत्तेचे अंतर म्हणणे हे असत्य आहे, आणि तरुण पिढी ते असत्य म्हणूनच ऐकते. १९७१ साली जॉन रॉल्स यांनी मांडले, की जन्मजात बुद्धीसुद्धा कोणी कमावलेली नसते; या मुद्द्यावर समतावादी रॉल्स आणि बाजारवादी हायेक एकाच बाजूला उभे आहेत. भांडवलशाहीचे प्रामाणिक समर्थन करू पाहणाऱ्याने म्हणून पात्रतेचा दावा बिनशर्त सोडून द्यावा. तो सोडल्याने समर्थन दुबळे न होता खऱ्या पायावर येते.

तो पाया म्हणजे नकाराचा हक्क. मुक्त विनिमयाचे नैतिक वैशिष्ट्य त्यात कोणाला किती मिळते यात नसून, त्यातील प्रत्येकाला नाही म्हणता येते यात आहे: हा भाव परवडत नाही, ही नोकरी नको, या मालकापेक्षा त्या मालकाकडे जातो, हे गाव सोडतो. या साध्या दिसणाऱ्या शब्दाचे मोल ज्या समाजात तो शब्द उच्चारता येत नव्हता तेथे कळते, आणि महाराष्ट्रातील महार वतन हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारी गावकी-सरकारी चाकरी आणि तिच्या बदल्यात मिळणारी जमीन व बलुत्याचे धान्य. वतनदार महाराला सरकारी निरोप, सामान, राखण, सांगितलेले कोणतेही काम, दिवसा किंवा रात्री, करावे लागे, त्या कामाचा दर ठरलेला नसे आणि ते नाकारण्याची सोय नसे. घरातील एक माणूस आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे, असा तो भार साऱ्या घरावर असे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागे ही जाणीव होती, की धान्याच्या रूपाने गावाच्या मर्जीवर मिळणारा मोबदला माणसाला मिंधे करतो आणि ठरावीक रोख वेतन त्याला ताठ उभे करते. प्रत्यक्षात ही वतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा व्हावा लागला. जातिसंस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीच्या प्रबंधात दाखवून दिले होते. जन्माने ठरलेले काम नाकारून दुसरे निवडण्याची मुभा हा त्या विभागणीवरचा आघात असतो, आणि पैशाला जात नसते हे त्याचे सामर्थ्य आहे.

परंतु पैशाला जात नसली तरी पैसे देणाऱ्याला असते, हेही त्याच इतिहासात नोंदले गेले आहे. गाव सोडून मुंबईच्या कापड गिरण्यांत आलेल्या अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, जेथे मजुरी चांगली होती, प्रवेश मिळत नसे, कारण धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि स्पृश्य विणकरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे नेटाने मांडला. मालकाला नफ्याची ओढ होती, कुशल हात उपलब्ध होते, तरीही दार उघडले नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेच्या अर्जांपैकी दलित किंवा मुस्लिम नावाच्या अर्जदारांना खाजगी कंपन्यांकडून कमी प्रतिसाद मिळाल्याचे आढळले. आंबेडकर स्वतः १९४७ साली राज्यसंस्था आणि अल्पसंख्याक या विषयावरील निवेदनात पायाभूत उद्योग आणि शेती सरकारी मालकीची असावी असे सुचवत होते, त्यामुळे त्यांना बाजारवादाच्या पंक्तीला बसवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष अधिक काटेकोर आहे: नकाराचा हक्क हे मूल्य खरे आहे, परंतु बाजार तो आपोआप सर्वांना देत नाही.

याच मूल्याच्या आधारे महाराष्ट्रात बाजाराच्या बाजूचे सर्वांत मोठे जनआंदोलन उभे राहिले, ही गोष्ट विसरता कामा नये. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी करून परतलेले शरद जोशी यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली, आणि शेतीचा हिशेब स्वतः मांडल्यावर त्यांनी असा सिद्धांत सांगितला, की शेतकरी अज्ञानाने किंवा आळसाने गरीब नसून, शहरांना धान्य आणि कारखान्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून सरकारी धोरणाने त्याला गरीब ठेवले आहे. निर्यातबंदी, राज्यबंदी, जिल्हाबंदी, सक्तीची वसुली यांमुळे शेतकऱ्याला मिळणारा भाव मोकळ्या बाजारातील भावाहून कमी राहतो, या फरकाला त्यांनी उणे सबसिडी असे नाव दिले. म्हणजे ज्याला अनुदान मिळते असे समजले जाते, त्याच्याकडूनच प्रत्यक्षात काढून घेतले जाते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती, तिच्यामुळे कापूस उत्पादकाला आपला माल खाजगी व्यापाऱ्याला किंवा शेजारच्या राज्यात विकण्यास मनाई होती; घेणारा एकच असेल तर विकणाऱ्याला नकार कसा देता येणार? त्यांच्या मागणीत दयेला स्थान नव्हते. भीक नको, घामाचे दाम हवेत, एवढेच म्हणणे होते. चीनच्या आन्ह्वी प्रांतातील श्याओगांग गावात १९७८ च्या अखेरीस १८ शेतकऱ्यांनी सामूहिक शेत आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला आणि करार उघड होऊन पुढारी तुरुंगात गेले तर त्यांची मुले इतरांनी वाढवावीत असेही त्यात लिहिले, तेव्हा त्यांनाही कोणता ग्रंथ सिद्ध करायचा नव्हता. पिकवलेल्या धान्यावर आपला शब्द चालावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती पुढील वर्षीच्या मे महिन्यापर्यंत टिकली. त्या काळात लासलगावला पडलेल्या भावाने कांदा विकावा लागलेल्या तरुण शेतकऱ्याचा बाजारावरील विश्वास उडाला, तर त्याचा अनुभव खरा आहे, मात्र ज्याने त्याचे नुकसान केले तो बाजार नव्हता, बाजाराचे बंद केलेले दार होते.

यावरून समर्थनाची दिशा ठरते. नकाराचा हक्क हे भांडवलशाहीचे समर्थन असेल, तर जेथे जेथे तो हक्क मारला जातो तेथे समर्थकाने तक्रार करणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, मग मारणारा सरकार असो वा उद्योगपती. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ सालच्या ग्रंथात एकाच धंद्यातील व्यापारी एकत्र जमले, की ग्राहकांविरुद्ध संगनमत होण्याकडे बोलणे वळते, अशा अर्थाचा इशारा दिला होता. बाजाराची बाजू घेणे आणि व्यापाऱ्यांची बाजू घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बाजाराच्या आद्य तत्त्वज्ञाला जितके स्पष्ट होते तितके त्याच्या आजच्या अनुयायांना राहिलेले नाही. घरांचा प्रश्न याची साक्ष देतो. अमेरिकेतील अनेक शहरांत निवासी जमिनीच्या फार मोठ्या भागावर एका कुटुंबाचे स्वतंत्र घर सोडून दुसरे काही बांधण्यास स्थानिक नियमांनी मनाई आहे, आणि आधीच घर असलेल्यांच्या मालमत्तेची किंमत या टंचाईने वाढत जाते, तर तरुणाच्या मिळकतीचा मोठा भाग भाड्यात जातो. मिनियापोलिस शहराने डिसेंबर २०१८ मध्ये ही मनाई उठवण्याचा निर्णय घेतला, तो भांडवलशाहीच्या समर्थकांनी देशभर गाजवायला हवा होता. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. निर्वासितांच्या लोंढ्याच्या काळात त्यामागील हेतू न्याय्य होता, पण दशकानुदशके तो कायदा टिकल्याने मालकांनी डागडुजी सोडली, भाड्याची नवी घरे बांधली जाईनाशी झाली, पागडीचा व्यवहार रुजला आणि नव्याने शहरात येणाऱ्याला दार मिळेना. ज्याला बाजाराने नाडले असे वाटते, त्याला अनेकदा आधी येऊन जागा अडवून बसलेल्यांनी नाडलेले असते.

उपाशी माणसाचा नकार मात्र कायद्याने दिला तरी पोकळच राहतो. आजच्या मजुरीवर संध्याकाळची चूल अवलंबून असेल, तर मिळेल ते काम मिळेल त्या दराने घ्यावे लागते, आणि मोबाईलवरील ॲपच्या आदेशानुसार घरोघरी अन्न पोहोचवणाऱ्या तरुणाला भागीदार म्हटल्याने ही स्थिती पालटत नाही. हायेक यांनी १९४४ सालीही संपन्न समाजाने प्रत्येकाला अन्न, निवारा आणि वस्त्र यांची किमान हमी द्यावी हे मान्य केले होते, याचा त्यांचे नाव घेणाऱ्यांना विसर पडतो. आजारपणात घर विकावे लागू नये, नोकरी सोडल्यावर दुसरी शोधण्यापुरते दिवस काढता यावेत, कर्ज बुडाल्यास जन्म बुडू नये, या तरतुदींना समाजवादाला दिलेली नाइलाजाची सवलत मानणे चूक आहे. ज्या नकाराच्या हक्कावर मुक्त विनिमयाची नैतिकता उभी आहे, त्याची ती पूर्वअट आहे.

एवढे मान्य केल्यावरही धार्मिक मनाचा एक आक्षेप शिल्लक राहतो, तो म्हणजे ही व्यवस्था लोभावर चालते हा. भारतीय परंपरेने अर्थाला चार पुरुषार्थांत स्थान दिले, म्हणजे संपत्ती मिळवणे हे मानवी जीवनाचे एक मान्य प्रयोजन मानले, परंतु तो पुरुषार्थ धर्माच्या मर्यादेत राहावा अशी अट घातली. सचोटीने मिळवावे आणि मिळवलेल्यात गुंतून न पडता वेचावे, हा वारकरी संतांचा उपदेश बाजारपेठेत बसलेल्या गृहस्थालाच उद्देशून आहे. १७५९ साली निघालेल्या आणि मृत्यूच्या वर्षी, १७९० साली, वाढवलेल्या नीतिविषयक ग्रंथात स्मिथ यांनीही श्रीमंतांचे अतिरेकी कौतुक करण्याची वृत्ती नैतिक भावनांना भ्रष्ट करते असे बजावले. साम्यवादी पोलंडमध्ये आयुष्याचा मोठा काळ काढलेले पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ सालच्या परिपत्रकात भांडवलशाही हा आदर्श मानावा काय या प्रश्नाला दुहेरी उत्तर दिले: आर्थिक स्वातंत्र्य माणसाच्या समग्र स्वातंत्र्याची सेवा करणाऱ्या कायद्याच्या चौकटीत असेल तर होय, नसेल तर नाही. लोभ हा मानवी मनाचा दोष आहे, तो सरकारी कचेरीत आणि मठातही आढळतो; बाजार त्याचा नाश करू शकत नाही, फक्त दुसऱ्याच्या होकाराशिवाय त्याचे समाधान होऊ नये अशी व्यवस्था करू शकतो. लोभ निववण्याचे काम धर्माचे, घराचे आणि शिक्षणाचे आहे, आणि बाजाराच्या समर्थकांनी तो सद्गुण असल्याचे सांगण्यास सुरुवात केली तेव्हा त्यांनी धर्मप्रवृत्त माणसांना विनाकारण दुरावले.

तरुणांचा सर्वांत कठीण आक्षेप अजून उरतोच, आणि त्यापुढे येथवर मांडलेला युक्तिवादही तोकडा पडतो. कोळसा जाळून वीज करणारा आणि ती विकत घेणारा या दोघांचा होकार असतो, पण त्या धुराने तापलेल्या हवेत जगणाऱ्या तिसऱ्याला कोणी विचारलेले नसते. अशा परिणामांना अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे व्यवहाराच्या किमतीत न धरलेली आणि दुसऱ्यावर पडणारी हानी. आर्थर पिगू यांनी १९२० सालीच त्यांवर कर लावून ती हानी किमतीत आणण्याचा मार्ग सुचवला होता. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील २७ नोबेल पारितोषिक विजेत्यांसह अनेक अर्थशास्त्रज्ञांनी कार्बनवर कर आकारून त्याचे उत्पन्न नागरिकांना समान वाटावे असे संयुक्त निवेदन केले, तो उपाय बाजाराच्या तत्त्वाशी पूर्णपणे सुसंगत आहे, आणि बाजाराच्या नावाने त्याला विरोध करणारे प्रत्यक्षात फुकट मिळालेल्या एका सवलतीचे रक्षण करत असतात. तथापि त्या कराचा दर काय असावा हे ठरवताना आज जगणाऱ्यांच्या सोयीइतकेच अजून न जन्मलेल्यांच्या हानीला वजन द्यायचे की नाही, हा प्रश्न विनिमयाच्या कोणत्याही सिद्धांतातून सुटत नाही, कारण जे अद्याप आलेलेच नाहीत त्यांना नाही म्हणता येत नाही. संपत्तीचा धनी हा तिचा विश्वस्त आहे, हा गांधीजींचा विचार उद्योगपतींना उद्देशून होता. तो विचार एका पिढीच्या दुसऱ्या पिढीशी असलेल्या नात्याला लागू करणे, आणि त्याला केवळ सदिच्छेवर न सोडता कायद्याचे रूप देणे, हे काम भांडवलशाहीच्या समर्थकांनी अजून हाती घेतलेले नाही.